सासरे, अंबेनळी घाट आणि तो लाल पट्टा

भूवैज्ञानिकाच्या मुलीशी लग्न करणाऱ्यानं गाडीचे ब्रेक चांगले ठेवावेत. मागच्या सीटवरून "थांबव, थांबव!" अशी आरोळी कधी येईल याचा नेम नसतो. इतरांचे सासरे उसाच्या रसाचं गुऱ्हाळ दिसलं की असे ओरडतात. आमचे बाबा ओरडतात ते रस्ता रुंद करण्यासाठी नुकताच फोडलेला डोंगर दिसला की.

बाबांची सगळी नोकरी राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत गेली. १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षी हे खातं सुरू झालं, आणि बाबा त्यात नंतर काही वर्षांनी लागले. माण, खटाव, आटपाडी हा त्यांचा पट्टा. जमिनीत चार सळया ठोकायच्या, वीज सोडायची, मीटरवरचे आकडे वहीत उतरवायचे आणि बोअर कुठे घ्यायचा ते गावाला सांगायचं. गावात त्याच वेळी हातावर नारळ ठेवून पाणाड्याही फिरत असायचा. "पाणी लागलं तर त्याचं नाव, नाही लागलं तर माझं," असं बाबा अजून सांगतात आणि अजून स्वतःच हसतात. आता सत्तरी ओलांडली, गुडघे गेले, पण घराबाहेर पडण्याला ते अजूनही 'फील्डवर जाणं' म्हणतात, मग ते भाजी आणायला का असेना.

डिसेंबरात लेकीला सुट्टी लागली आणि बायकोनं बेत ठरवला: पुणे, महाबळेश्वरला मुक्काम, मग अंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरून हरिहरेश्वर. मला समुद्र आणि सुरमई हवी होती, बायकोला झोप. आईंनी (म्हणजे सासूबाईंनी) निघताना एकच काम केलं. बाबांचा हातोडा सामानातून काढून कपाटात ठेवला. तो चिवड्याच्या पिशवीतून परत गाडीत आलाय हे आम्हाला वाईला कळलं.

महाबळेश्वरबद्दल काही लिहित नाही. गाड्यांच्या रांगेत दुपार गेली, स्ट्रॉबेरी क्रीमच्या पेल्यात क्रीमच जास्त होतं, आणि 'व्हॅली व्ह्यू' म्हणून दिलेल्या खोलीतून समोरच्या हॉटेलची पाण्याची टाकी दिसायची. बरं वाटलं ते फक्त जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात. गोमुखातून पडणारं पाणी लेकीनं ओंजळीत घेतलं आणि आजोबांना विचारलं, हे कुठून येतं? बाबा म्हणाले, वर सगळा जांभा आहे, तो पाणी पितो. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो जांभ्यात मुरतो, खाली घट्ट खडक लागला की पुढे जायला वाट नसते, मग डोंगराच्या बाजूनं फुटतो. मागे रांगेत उभ्या असलेल्या एका काकूंना हे आवडलं नाही. "देवाचं पाणी आहे हो ते," त्या म्हणाल्या. बाबांनी लगेच हात जोडले आणि म्हणाले, "मग काय, देवच पुरवतो." याच डोंगराच्या पूर्वेला, गाडीनं काही तासांवर, माणमध्ये पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी चांगलं वर्ष म्हणतात. ते वाक्य त्यांनी काकूंना नाही, आम्हाला गाडीत ऐकवलं.

सकाळी घाट उतरायला लागलो. आता इथे थोडं घरगुती सांगायला हवं. सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांना भूवैज्ञानिकांनी आपल्याकडच्याच गावांची, घाटांची नावं दिली आहेत, आणि माझ्या बायकोला ती शुभंकरोतीसारखी पाठ आहेत. खालून वर: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर. लग्नानंतर पहिल्यांदा सासरवाडीला गेलो तेव्हा जेवताना चर्चा चालली होती की बुशे फार 'बिघडलेला' आहे. मला वाटलं कुणी भाचा असेल. तो लाव्हाचा थर निघाला. वर येताना त्यात जमिनीखालचा जुना खडक वितळून मिसळला, म्हणून बिघडलेला.

तर महाबळेश्वरच्या सुमारे १,३७० मीटरवरून पोलादपूरपर्यंत उतरणं म्हणजे बाबांच्या हिशेबानं महाबळेश्वर, अंबेनळी, पोलादपूर असं ओळीनं काळात मागे जाणं. डोळ्यांना सगळं काळंच दिसतं. कुठला थर कुठला हे प्रयोगशाळेत दगडाचं रसायन तपासल्यावरच नक्की कळतं, हे बाबाही मान्य करतात, तरी "आला अंबेनळी!" म्हणून ओरडायचं सोडत नाहीत. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीची गोष्ट. महाबळेश्वरच्या वरच्या थरांचा खडक थिजताना पृथ्वीचं चुंबकत्व आजच्यासारखं होतं, अंबेनळीचे थर थिजताना उलटं. म्हणजे तेव्हा होकायंत्र असतं तर त्याची उत्तरेची सुई दक्षिणेला वळली असती. लेकीनं विचारलं, मग डायनोसॉर चुकायचे का? बाबा म्हणाले, त्यांच्याकडे होकायंत्र नव्हतं म्हणून वाचले. मग थोडं थांबून, "म्हणजे वाचले नाहीत, पण ते कारण वेगळं."

प्रतापगडाचा फाटा मागे पडल्यावर काही वळणांनी आरोळी आली. मी गाडी कडेला घेतली. डोंगर ताजा कापलेला होता आणि दोन काळ्या थरांच्या मधून, पुरणपोळीच्या कडेनं पुरण डोकवावं तसा, हातभर रुंदीचा विटकरी पट्टा गेला होता.

बाबा उतरले, लेक उतरली. मी मागून येणाऱ्या टेम्पोंना हात करत उभा राहिलो, कारण ते वळण उभं राहण्यासारखं अजिबात नव्हतं. बाबांनी नखानं पट्टा खरवडला आणि लाल भुकटी लेकीच्या तळहातावर ठेवली. एक लाव्हा आला, थंड झाला. पुढचा यायला हजारो वर्षं लागली. मधल्या काळात पावसानं, हवेनं वरचा खडक कुजला, माती झाली. मग दुसरा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. "म्हणजे इथे झाडं होती?" लेकीनं विचारलं. बाबांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. म्हणाले, "निदान सुट्टी होती. डोंगराला मिळालेली सुट्टी आहे ही."

तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली. गाडी बंद पडली का म्हणून चौकशी झाली. बाबांनी स्वतःची ओळख दिली आणि तिथेच आमची हरिहरेश्वरची सुरमई गेली. त्या माणसाला घरामागे बोअर मारायचा होता, पाणाड्यानं जागा दाखवून ठेवली होती, बोअरच्या गाडीवाल्याला ॲडव्हान्स द्यायचा बाकी होता. "सर, पाच मिनिटं येऊन बघता का?" बाबा त्याच्या मागे बसले. सत्तरी पार केलेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला माणूस अनोळखी मोटरसायकलवर बसून निघून गेला, आणि आम्ही पुढच्या टपरीवर जाऊन थांबलो.

मी चिडलो होतो, ते चेहऱ्यावर दिसत असणार. आईंनी चहा सांगितला, थर्मास असूनही. मग स्वतःहून बोलायला लागल्या, जे त्या सहसा करत नाहीत.

"ही झाली तेव्हा," बायकोकडे मान करून त्या म्हणाल्या, "१९८७ चा दुष्काळ होता. हे माणमध्ये रिग घेऊन. गावात फोन नाही. माझ्या भावानं एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी दिली. ती यांना मिळाली दुसऱ्या दिवशी, आणि हे आले तिसऱ्या दिवशी. दारात उभे, पायापासून डोक्यापर्यंत पांढरे, दगडाची पूड नुसती. मी काय विचारलं असेल? पाणी लागलं का, असं विचारलं."

"लागलं होतं?" बायकोनं विचारलं. तिनेही ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली असावी.

"नाही. बोअर फेल गेला होता. काळा पाषाणच लागत गेला, मांजऱ्या, म्हणजे पाणी धरणारा भोकाभोकांचा खडक, लागलाच नाही. हे तुला हातात घ्यायच्या आधी भिंतीला टेकून बसले. मग खिशातून दगड काढला आणि पाळण्यात ठेवला. गुलाबी, चकचकीत. स्टिल्बाइट. बाळाला खुळखुळा आणतात, यांनी दगड. मी तो खिडकीतून फेकला. दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंगणात वाकून शोधत होते."

सापडला का, असं विचारायचं मला सुचलं नाही. आई पुढे म्हणाल्या की वर्षातले निम्मे दिवस घरात माणूस नसायचा, शाळेचे पालकमेळावे, दुखणी, बदल्यांचं सामान बांधणं सगळं त्यांनी एकटीनं केलं, आणि लोक "साहेबांनी आमच्या गावाला पाणी दिलं" म्हणून घरी येऊन त्यांच्याच पाया पडायचे. "मला आवडायचं ते, खोटं का बोलू? पण रागही यायचा. आता रिटायर झाल्यावर सगळ्यांना गाडीत घालून फील्डवर नेतात. त्यांना वाटतं भरपाई होते."

"होते का?" मी विचारलं.

"चहा गार होतोय तुमचा," आई म्हणाल्या.

बाबा बऱ्याच उशिरानं आले, चपलांना चिखल, हातात त्या घरची काकडी. प्रसन्न. त्या माणसाच्या घरामागे, वरच्या अंगाला, तसलाच लाल पट्टा होता आणि त्याच्या बरोबर डोक्यावरून झरा निघत होता. लाल माती चिकट, ती पाणी खाली जाऊ देत नाही. बोअर मारला असता तर खाली घट्ट खडक, शिवाय लाल माती आत ढासळते म्हणून केसिंगचा, म्हणजे बोअरमध्ये आधाराला घालायच्या पाइपचा, खर्च वेगळा. बाबांनी त्याला सांगितलं की लाखभर रुपये जमिनीत घालण्यापेक्षा झऱ्याला दगडी कुंडी बांध, वरून झाकण घाल, गुरं वर चढू देऊ नकोस, आणि पाइपनं पाणी घरी आण. पाणाड्यानं दाखवलेली जागा झऱ्यापासून वीस पावलांवरच होती. "त्यालाही कळत असतं," बाबा म्हणाले, "फक्त नारळाला श्रेय देतो."

आईंनी विचारलं, "फी घेतली का काही?" बाबांनी काकडी वर धरली.

हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा खानावळीत फक्त वरणभात आणि सोलकढी उरली होती. मालकिणीनं त्यावर अंड्याची पोळी करून दिली, तीही बारा तास उभं राहिलेल्या बाईच्या चेहऱ्यानं, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी ओहोटी बघून देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर गेलो. लाटांनी आणि खारट वाऱ्यानं खडकाला जाळीसारखी भोकं पाडली आहेत, ती बघत बाबा इतके रेंगाळले की गुरुजींनी भरतीची वेळ दोनदा सांगितली. सुरमई मिळाली, महाग होती, आणि माझ्या मते जरा जास्त तळलेली.

परतताना ताम्हिणीत आईंनी जाहीर केलं की पुढची सहल त्या ठरवणार. केरळ, अलेप्पी, हाउसबोट. सगळीकडे पाणी, एकही दगड नाही. बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "छान. तिथून वर्कला फार लांब नाही. समुद्राला लागून कडा आहे, सरकारनं भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलेला."

आई म्हणाल्या, "हातोडा आणायचा नाही."

"कड्याला हातोडा लावत नसतात गं," बाबा म्हणाले. लेकीनं तेवढ्यात फोनवर रेल्वेचं वेळापत्रक काढलं होतं.