ऐरोलीच्या लॉबीत पंधरा ग्रॅम वारा

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, ऐरोलीच्या एका आयटी कंपनीच्या लॉबीत टांगायचं झुलतं शिल्प, म्हणजे अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर कॅल्डरच्या पठडीतलं मोबाइल. लॉबीची उंची ९ मीटर, शिल्पाचं वजन १६ किलो, पानं ११. गिऱ्हाइकाला आधी फ्लेमिंगो हवे होते. नवी मुंबईत लॉबी म्हटली की फ्लेमिंगो ठरलेलेच. पण तसली लांबलचक मान पत्र्यात कापली की पहिल्याच हाताळणीत वाकते. शेवटी तिवराच्या पानांवर एकमत झालं. खाडी तीच, पान सोपं.

पानं ॲल्युमिनियमची, ८०० बाय ३५० मिमी. नऊ पानं दीड मिमी पत्र्याची, वरची दोन ३ मिमीची. दांड्या ८ मिमीच्या, ३१६ स्टेनलेसच्या. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत ३०४ प्रतीच्या स्टेनलेसवर तांबूस डाग लवकर पडतात. सळईच्या वजनाचा फॅब्रिकेटरचा हिशेब इथेही चालतो: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरमागे ३९५ ग्रॅम. तोल खालून वर साधत जायचं. सगळ्यात खालची दांडी पाणसळीत आली की ती पानांसकट वरच्या दांडीचं एक वजन झाली.

हा तोल पावडर कोटिंगनंतरच पक्का करायचा. ७० मायक्रॉनचा थर दोन्ही बाजूंनी मिळून चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम भर घालतो. दीड मिमी पत्र्यात ही वाढ ५ टक्के, ३ मिमीत जेमतेम अडीच. म्हणजे आधी सरळ असलेली दांडी रंगून आली की पातळ पानांकडे झुकते. बारीक फरक वायसरने काढायचा. एम-८चा एक वायसर साधारण दोन ग्रॅमचा.

स्लॅब पीटी होता, आत ताणलेल्या केबली. अशा ठिकाणी ड्रिल लागून केबल तुटली तर प्रकरण शिल्पापुरतं राहत नाही. ड्रॉइंग मागवून, स्कॅन करून, केबलींमधली जागा खडूने आखली आणि दोन एम-१० अँकर मारले. एक मुख्य तारेचा, दुसरा सुरक्षेच्या तारेचा. प्रत्येक अँकर १५० किलोला ओढून पाहिला. तार ३ मिमीची, फेरूल (तारेचा फास आवळणारी नळी) तांब्याचे. स्टेनलेस तारेवर ॲल्युमिनियमचा फेरूल दमट हवेत खाल्ला जातो. लॉबीखाली बेसमेंट असल्याने सिझर लिफ्टऐवजी ॲल्युमिनियमची परांची लावली.

बसवायला रविवार मिळाला. दुपारपर्यंत सगळं वर गेलं, अकराही पानं संथ फिरत होती आणि कुठे काही अडत नव्हतं. पण एसी बंद होता. सुपरवायझर म्हणाले, “साहेब, सुट्टीच्या दिवशी एएचयू लावायला लेखी परवानगी लागते.” एएचयू म्हणजे एसीची हवा खेळवणारं यंत्र. ती मिळेपर्यंत परांची सोडायची नाही, असं ठरवलं. चार वाजता एसी पूर्ण जोरात सुरू झाला आणि मिनिटभरात वरून टण्ण असा आवाज आला. तिसऱ्या दांडीचं पान खाली दबून चौथ्या दांडीवर आदळत होतं.

सुरुवातीला मापं घेतली तेव्हा वरचे मजले रिकामे होते, एएचयू निम्म्यावर चालायचं. त्या जागी हवेचा वेग सेकंदाला ०.४ मीटर भरला होता. आता ॲनिमोमीटर १ दाखवत होता. वेग अडीचपट म्हणजे दाब सव्वासहा पट. एवढ्या आडव्या पानावर वरून १ मीटर वेगाचा झोत आला की साधारण १५ ग्रॅम वजन ठेवल्यासारखं होतं. आधी ते अडीच ग्रॅमसुद्धा नव्हतं.

पंधरा ग्रॅमने एवढं काय बिघडतं, ते टांगायच्या बिंदूवर ठरतं. दोन्ही टोकांच्या हुकांना जोडणाऱ्या रेषेच्या जितका वर हा बिंदू, तितकी दांडी ताठर. रेषेखाली गेला तर दांडी उलटीच होते. तिसऱ्या दांडीवर एकूण भार ४ किलो, बिंदू १५ मिमी वर, आणि पान बिंदूपासून १ मीटरवर. पंधरा गुणिले हजार, भागिले (चार हजार गुणिले पंधरा): पाव. म्हणजे १४ अंशांचा कल, टोक सुमारे २४० मिमी खाली. खालच्या दांडीपर्यंत मोकळी जागा होती २०० मिमी.

अशा वेळेसाठीच प्रत्येक दांडीच्या उभ्या पट्टीला एकावर एक तीन भोकं असतात: १५, २५ आणि ४० मिमीवर. कडी ४०च्या भोकात घेतली. तोल पुन्हा साधावा लागत नाही, कारण वजनांचं आडवं अंतर तेच राहतं. टोक आता ९० मिमीच्या आसपास दबतं. दांडी थोडी सुस्त होते हे खरं, म्हणून बाकीच्यांना हात लावला नाही. सगळ्याच दांड्या ताठर केल्या तर उरतं ते झुंबर.

मग डिफ्यूझरच्या, म्हणजे एसीची हवा सोडणाऱ्या जाळीच्या, पट्ट्या भिंतीकडे वळवून घेतल्या आणि सरकता दरवाजा मुद्दाम उघडा ठेवला. दरवाजा पश्चिमेला, दुपारी खाडीवरून वारा थेट आत येतो. शिल्पाने वेग घेतला, पण आवाज झाला नाही.

हस्तांतराच्या कागदावर नेहमीच्या सूचना लिहिल्या: वर्षातून एकदा खाली उतरवून स्विव्हलचं (फिरत्या कडीचं) बेअरिंग पाहणं, जाळी काढायच्या झाडूने न ढोसणं. शेवटची ओळ ठळक अक्षरात घातली, कारण हे कधी ना कधी होतंच: दसऱ्याला शिल्पाला झेंडूची माळ अडकवू नये.