एका ओंडक्यातून उमललेली नाव

पोर्ट एंजेलिस मागे पडल्यावर ११२ क्रमांकाचा रस्ता बराच वेळ सामुद्रधुनीच्या काठाने वळणे घेत जातो आणि शेवटी नीआ बे या गावी पोहोचतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकावरचे हे गाव मकाह या तेथील मूळनिवासी लोकांचे आहे. येथील संग्रहालयात त्यांच्या समुद्रात जाणाऱ्या नावा आहेत, आणि मी आले होते ती त्यांच्यासाठीच.

नावेजवळ उभे राहिल्यावर प्रथम जाणवते ते हे, की एवढ्या मोठ्या सांगाड्यात फळ्यांचा जोड कोठेच नाही. लाल देवदाराचा एक ओंडका पोखरून ती घडवतात. आतल्या अंगावर वाकसाचे बारीक घाव ओळीने उमटलेले असतात. खरी कसोटी त्यानंतर लागते. पोकळीत पाणी भरून त्यात तापलेले दगड सोडतात, वर चटया झाकतात. वाफेने लाकूड मऊ पडले, की दोन्ही काठ हळूहळू बाहेर रेलतात आणि मग आडव्या दांड्या बसवून तो फुगवटा कायम करतात. काठ रुंदावताना मधला भाग खाली बसतो आणि टोके वर येतात, म्हणून कारागिराला ओंडका तासतानाच पुढचा आकार डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. मला तर हे सुतारकामापेक्षा कळी उमलवण्यासारखेच वाटले.

देवमाशाच्या शिकारीला अशा नावेतून आठ जण निघत. भालाईत नाळेवर, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकावर, उभा असे, आणि भाल्याच्या दोरीला सीलच्या कातड्याचे हवा भरलेले फुगे बांधलेले असत, म्हणजे जखमी मासा बुडी मारताना दमून जाई. तो मेल्यावर एक जण थंडगार पाण्यात उडी घेऊन त्याचे तोंड शिवून टाकी, कारण पोटात पाणी शिरले तर सारी मेहनत तळाला जाणार. हे वाचून मी त्या फलकासमोर बराच वेळ थांबले.

अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५५ च्या तहात मकाहांनी आपल्या जमिनीचा मोठा भाग सोडला, परंतु देवमाशाच्या शिकारीचा हक्क राखून ठेवला. १९२० च्या दशकात त्यांनी ती स्वतःहून थांबवली आणि १९९९ च्या मे महिन्यात पुन्हा देवदाराच्याच नावेतून ते त्या शिकारीला गेले.

दुपारी केप फ्लॅटरीच्या कड्यावर गेले. खाली लाटा खडकांतील कपारींत शिरून गर्जत होत्या, समोर तातूश बेट होते. आणि ते लोक वल्ही मारत त्याच्याही पलीकडे, उघड्या समुद्रात जात असत.