उरलेले दोन चिंचोके

चौथीत असताना गणिताच्या तासाला मास्तरांच्या खिशात चिंचोके असायचे. मूठभर टेबलावर ओतून वर हात झाकायचा आणि विचारायचं, "तीन-तीनचे वाटे केले तर काही उरत नाही. चार-चारचे केले तर दोन उरतात. सम की विषम?" वर्ग ओरडायचा, अठरा! तीस! मी तर फोंड्याच्या बाजारात नारळ मोजावेत तसा बोटं घालून मोजायलाच पुढे सरसावायचो. हातावर चापट बसायची आणि मास्तर कोंकणीत म्हणायचे, "मेजूंक कोणें सांगलें तुका?" म्हणजे, मोजायला कोणी सांगितलं तुला?

त्या चापटीचा अर्थ कळला २०१६ साली, जीमॅट या एमबीएच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करताना. तिथे डेटा सफिशियन्सी नावाचा प्रकार असतो. (तेव्हा तो गणितात होता, २०२३ च्या नव्या रचनेत डेटा इनसाइट्स या विभागात गेला.) एक प्रश्न, दोन विधानं, पाच ठरलेले पर्याय. उत्तर काढायचं नसतंच. ते काढण्यापुरती माहिती पहिल्या विधानात आहे, दुसऱ्यात, दोन्हींत वेगवेगळी, दोन्ही मिळून, की कशातच नाही, तेवढं सांगायचं. मी मात्र इमानेइतबारे सोडवत बसायचो आणि वेळ घालवायचो.

एकदा सरावात चक्क चिंचोकेच समोर आले. एका पूर्णांकाला १२ ने निःशेष भाग जातो का? पहिलं विधान: ३ ने जातो. दुसरं: ४ ने भागल्यास बाकी २. मी 'दोन्ही मिळून' वर खूण केली आणि तोंडावर पडलो. पहिलं अपुरं हे खरं, कारण ९ ला भाग जात नाही, १२ ला जातो. पण ४ नेच भाग जात नसेल तर १२ ने कुठून जाणार? दुसरं एकटंच पुरे. ठाम 'नाही' हेही उत्तरच. 'कधी हो, कधी नाही' झालं तरच माहिती अपुरी. एवढं डोक्यात शिरायला मला आठवडा लागला!

उरलेले फटके शून्याने आणि ऋण संख्यांनी दिले. एखाद्या संख्येचा वर्ग ९ म्हटलं की मी बिनधास्त ३ धरायचो, उणे ३ आठवायचेच नाहीत. शून्य सम आहे, हेही दोनदा विसरलो.

परीक्षेच्या दिवशी कच्च्या कामाला जे पॅड मिळालं, त्याच्या कोपऱ्यात आधी लिहिलं: ०, १, २, एक ऋण, एक अपूर्णांक. आणि त्याखाली: मेजूं नाका.