तुम्ही विचारलंत म्हणून: मॅच सोडून बसलेल्या टीमचा मी फॅन कसा?

मोरोक्कोत, कॅसाब्लांकात तीन वर्षं नोकरी करून मी कोल्हापूरला परत आलो, आणि अंगात विदादची, म्हणजे तिथल्या फुटबॉल क्लबची लाल जर्सी दिसली की कोणीतरी विचारतंच, "विदाद म्हणजे तीच ना रे, फायनल अर्धी सोडून बसलेली?" आणि वर ते एक हसू. आजपर्यंत "जाऊ दे, तुला नाही कळायचं" म्हणून सुटत आलो, पण आता एकदाच काय ते लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, ते सोडून गेले नव्हते. मैदानातच होते, फक्त खेळायला तयार नव्हते. (हा फरक इतक्यांदा सांगितलाय की आता मलाच तो वकिली वाटायला लागलाय.)

३१ मे २०१९, ट्युनिसजवळचं रादेस स्टेडियम, आफ्रिकन चॅम्पियन्स लीगची फायनल, दोन मॅचमधली दुसरी. समोर ट्युनिसचाच क्लब एस्पेरान्स, त्यांचं शंभरावं वर्ष. आठवड्यापूर्वी मोरोक्कोत राबातला पहिली मॅच १-१ सुटली होती, आणि तिथे आमचा एक गोल व्हीएआर, म्हणजे रेफरीचा व्हिडिओ रिप्ले, बघून रद्द झाला होता, पेनल्टीही मागितली ती मिळाली नव्हती, त्या रेफरीला नंतर सहा महिने घरी बसवलं. म्हणजे डोकी आधीच तापलेली.

रमजान चालू होता. आमच्या बिल्डिंगखाली कॅफे होता, मालकाला सगळे हाज म्हणायचे. त्या रात्री बसायला जागाच नव्हती, मी फ्रीजला टेकून उभा, हातात नुस-नुस, म्हणजे अर्धी कॉफी अर्धं दूध, काचेच्या ग्लासात. ४१व्या मिनिटाला एस्पेरान्सच्या बेलैलीने गोल मारला आणि कॅफे गप्प. मग ५९व्या मिनिटाला क्रॉस आला, आमच्या वलीद अल-कर्तीने हेडर मारला, बॉल आत! हा तोच कर्ती, २०१७च्या फायनलला इजिप्तच्या अल-अहलीविरुद्ध ज्याच्या हेडरने कप आणला होता. माझ्या शेजारच्या माणसाने मला असं कवळलं की कॉफी त्याच्या शर्टवर, आणि दोघांनाही पत्ता नाही. तेवढ्यात झेंडा वर. ऑफसाइड.

रिप्ले लागला. परत लागला. कॅफेतल्या सगळ्यांना तो ऑनसाइड दिसला, मलाही, आणि नंतर बऱ्याच तटस्थ लोकांनाही. टीव्हीवर खेळाडू रेफरी गासामाला सांगतायत की स्क्रीन बघ, आणि मग हळूहळू कळलं की व्हीएआर बंदच आहे. आफ्रिकेतली सगळ्यात मोठी फायनल आणि मशीन बंद! मॅचआधी दोन्ही टीमना सांगितलं होतं असं नंतर म्हणण्यात आलं, आमच्याकडून ते कोणी मान्य केलं नाही.

मग तासाभराहून जास्त वेळ काहीच नाही. खेळाडू उभे, अधिकारी मैदानात, स्वतः आफ्रिकन फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष खाली उतरलेला. माझ्या ग्लासात उरलेल्या कॉफीवर साय धरली. कॅफेत सगळे ओरडत होते, खेळू नका, खेळू नका, आणि मी पण ओरडत होतो, खोटं कशाला सांगू, सगळ्यात जोरात. शेवटी गासामाने शिट्टी वाजवून मॅच संपवली आणि कप एस्पेरान्सला दिला. हाजने टीव्ही बंद केला आणि कोणाकडेच पैसे मागितले नाहीत.

पुढचं थोडक्यात: पाच दिवसांनी संघटना म्हणाली मॅच परत खेळवा, जुलैअखेर क्रीडा लवादाने तो निर्णय उडवला, ऑगस्टमध्ये कप परत एस्पेरान्सचा, आणि २०२०मध्ये आमचं शेवटचं अपीलही फेटाळलं.

आता तुमचा प्रश्न. तेव्हाचा मी म्हणायचो, बरोबर केलं. हा क्लब १९३७मध्ये निघाला तोच मुळी फ्रेंचांच्या राज्यात बंदरावरच्या स्विमिंग पूलमध्ये मोरोक्कोच्या लोकांना घेत नव्हते म्हणून. सुरुवात वॉटर पोलोपासून, फुटबॉल दोन वर्षांनी. विदाद म्हणजे जिव्हाळा, इजिप्तची गायिका उम्म कुलसुमच्या त्याच नावाच्या सिनेमावरून नाव पडलं म्हणतात. मग ज्यांचा जन्मच "नियम तुमच्यासाठी वेगळा" हे ऐकून झाला, ते त्या रात्री मान खाली घालून खेळले असते का?

भारी वाटायचं हे बोलायला. पण राव, पूल वेगळा आणि ऑफसाइड वेगळा. तो गोल धरला असता तरी १-१, एकूण २-२, म्हणजे थेट पेनल्टी शूटआउट. कप काही हातात नव्हता. उलट अर्धा तास बाकी होता आणि बरोबरीला एकच गोल पाहिजे होता. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर एखाद्या तालमीच्या टीमने रेफरीवर रुसून असं केलं असतं तर मीच पहिल्यांदा शिव्या घातल्या असत्या. एस्पेरान्सला चोर म्हणणं मी सोडलंय, व्हीएआर त्यांच्या खेळाडूंनी थोडंच बंद केलं होतं.

पण शेवटपर्यंत खेळायचंच म्हणाल तर ऐका. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अरब कपात राजा क्लबशी, म्हणजे गावातल्याच वैऱ्याशी, दोनोरवर मॅच होती. (मोहम्मद पाचवा स्टेडियमला तिथे अजून सगळे दोनोरच म्हणतात.) आम्ही ४-१ने पुढे. शिट्टी होईपर्यंत इमानदारीत खेळलो, ४-४ झालं आणि अवे गोलवर, म्हणजे बरोबरीत पाहुणी टीम म्हणून जास्त गोल मारणारा पुढे या नियमाने, बाहेर! त्या रात्री मी हाजला म्हणालो, यापेक्षा बसून राहिलो असतो तर बरं. तो हसला नाही.

२०२२ला त्याच दोनोरवर अल-अहलीला २-० हरवून चॅम्पियन्स लीगचा कप घेतला, दोन्ही गोल मुतराजीचे, कोच रेग्रागी, तोच जो पुढे वर्ल्ड कपला मोरोक्कोला सेमीफायनलला घेऊन गेला. मी तेव्हा इकडे, रात्री उशिरा मोबाइलवर बघत होतो. हाजला फोन केला, उचलला नाही. पहाटे त्याचा व्हॉइस मेसेज आला, पूर्णवेळ नुसता हॉर्नचा आवाज आणि शेवटी तो म्हणतो, रादेसचा पण धर, ३-० झालं.

मी "दीमा विदाद", म्हणजे कायम विदाद, लिहून पाठवलं. गोल काही धरला नाही.