चामड्यावर जास्वंद: नक्षीचं पाकीट करताना

पाकिटावर फुलं कोरायची तर आधी चामडं बघावं लागतं, डिझाइन मागाहून. पर्स-बॅगांचं जे मऊ चामडं बाजारात दिसतं ते बहुतेक क्रोमच्या क्षारात कमावलेलं असतं. त्यावर कितीही दाबा, थोड्या वेळाने ते फुगून होतं तसं होतं. कोरीव काम टिकतं ते झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्यावर. ओलं केलं की ते मऊ पडतं, दाबलं तिथं दबून राहतं आणि वाळल्यावर आकार सोडत नाही. आणि असं चामडं आमच्या बेळगाव जिल्ह्यातच, कोल्हापुरी चपलेसाठी, वापरात आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्यासोबत बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर या जिल्ह्यांनाही. ही गोष्ट बेळगावातसुद्धा पुष्कळांना ठाऊक नसते, याचं मला वाईट वाटतं. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं तेच चामडं मला हवं होतं, म्हणून बेळगावच्या शहापुरातून चपलांसाठी ओळखली जाणारी अथणी गाठली.

ज्यांच्या घरी गेले त्या मामांचा जन्म चपला करण्यात गेलेला. मी पाकिटाचं बोलल्यावर त्यांनी तळव्याचा जाड तुकडा बाजूला सारला आणि पट्ट्यांसाठी ठेवलेलं चामडं पसरलं. "पोटाकडचं नको, ताणतंय ते. पाठीचं घे," म्हणाले आणि रापीने, म्हणजे चामडं तासायच्या सुरीने, मागची बाजू तासायला बसले. बाहेरच्या भागाला साधारण दीड मिलिमीटर, आतल्या कप्प्यांना एकाहून कमी. कप्पे जाड राहिले तर पाकीट मिटतच नाही.

माप लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर कापलं. पाचशेची नोट 150 बाय 66 मिलिमीटर, एटीएम कार्ड 85.6 बाय 54. शिलाईची जागा आणि थोडी सैल धरून मिटलेलं पाकीट सुमारे 11 बाय 9 सेंटिमीटरचं झालं. कडेने शिलाईपुरती पट्टी कोरी ठेवली, घडीवरही खोल काप घेतला नाही, कारण रोज दुमडून तिथंच चामडं तडकतं.

फुलांची जी नक्षी जगभर नावाजलेली आहे ती अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या शेरिडन गावची. तिथल्या खोगीर करणाऱ्या कारागिरांनी, विशेषतः डॉन किंग यांनी, ती घडवली. गोल फिरणारी वेल, प्रत्येक गोलात एक फूल, एका गोलातून सुटलेला देठ दुसऱ्यात शिरलेला. हा सांगाडा मी घेतला, फूल मात्र परसातलं. शेवंतीच्या पाकळ्या पाकिटाएवढ्या जागेत मावत नाहीत, ठशाखाली त्यांचा चिखल होतो. जास्वंदीला पाच रुंद पाकळ्या, त्यावर शिरा, आणि मधून बाहेर आलेला पुंकेसरांचा दांडा. कोरायला याहून चांगलं फूल नाही, असं माझं मत आहे.

सगळं काम अडतं ते ओलाव्यावर. स्पंजने दोन्ही बाजू भिजवून चामडं प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवायचं, म्हणजे पाणी आतपर्यंत मुरतं. सकाळी बाहेर काढलं की लगेच हात लावायचा नाही. मी सुरी उचलली तसे मामा म्हणाले, "तडी, तडी (कानडीत थांब, थांब). अजून ओलं हाय की गं." चामड्याचा मूळ रंग परतायला लागतो, पण गालाला लावलं तर ते माठाच्या बाहेरच्या अंगासारखं गार लागतं, ती वेळ. त्याआधी ठसा मारला तर कडा बसत नाहीत, उशीर झाला तर सुरी ओढत नाही. अथणीच्या वाऱ्यात ही वेळ चटकन निघून जाते. बेळगावात आषाढात तेच चामडं तासन्‌तास दमट राहतं, आणि पिशवीत विसरलं तर बुरशी धरतं.

मागे चिकटपट्टी लावली, नाहीतर ठोकून ठोकून चामडं पसरतं आणि माप चुकतं. खाली ग्रॅनाइटची फरशी. डिझाइन झेरॉक्सवाल्याकडच्या पारदर्शक शीटवरून, शाई संपलेल्या बॉलपेनने उतरवलं. मग स्विव्हेल नाईफ, म्हणजे बोटांत फिरवता येणारी नक्षीची सुरी. वरच्या खोबणीत तर्जनी ठेवून दाब द्यायचा, अंगठा आणि मधल्या बोटाने दांडी फिरवत सुरी आपल्याकडे ओढायची. काप जाडीच्या निम्म्याहून खोल नको. पातं मधूनमधून धारेच्या चामडी पट्ट्यावर घासलं तरच सफाई येते.

काप म्हणजे नुसती रेघ. फूल वर येतं ते बेव्हलरने, म्हणजे तिरक्या तोंडाच्या ठशाने. ज्या पाकळीला पुढे आणायचं तिच्या कापाबाहेरची बाजू ठोकून खाली बसवायची. त्यामुळे पाचही पाकळ्यांत कोण कोणाच्या पुढे, देठ पानावरून जातो की खालून, हे पेन्सिलीनेच ठरवावं लागतं. पेअर शेडर या गोलसर ठशाने पाकळीचा मधला भाग खोलवला, तेव्हा तिला पहिल्यांदा बाक आला. मग शिरा, दांड्यावर सीडर या बारीक गोल ठशाचे ठिपके आणि शेवटी मागची जमीन बारीक ठशाने दाबून टाकली.

ओल्या चामड्याला उघडं लोखंड लावायचं नाही. सालीतलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड मिळून निळा-काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची जुनी शाई याच कारणाने काळी होत असे. म्हणून मुलामा दिलेले ठसेच घ्यावेत.

पुढचं काम मामींकडून शिकले. चपलेची वेणी घालणारे त्यांचे हात दोऱ्याला मेण लावून दोन सुया एकाच भोकातून दोन्हीकडून अशा ओढतात की टाका हलत नाही. एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो, मशीनच्या शिलाईत ते होत नाही. कडा बाभळीच्या डिंकाच्या पाण्याने भिजवून लाकडाने घोटल्या. पाकीट थोडं उन्हात ठेवलं, रंग गडद झाला, मग हलक्या हाताने तेल पाजलं.

मामांनी आता चपलेच्या पट्ट्यांची एक जोडी माझ्यासाठी वेगळी काढून ठेवली आहे. त्यावर जास्वंद बसवायची तर फूल निम्म्याने लहान करावं लागेल. दांड्यावरचे ठिपके ठेवायचे की नुसता काप पुरे, हे पट्ट्याची रुंदी मोजून ठरवणार आहे.