‘आमचीच’

शनिवार, रात्री

कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बाईंनी आज तांदळाची पिशवी माझ्या हाती देता देता मी कुठची असे विचारले आणि ‘गोवा’ हे उत्तर ऐकताच ‘म्हणजे तू आमचीच की!’ असे म्हणत कोथिंबिरीची एक जुडी वर फुकट टाकली. एवढेच घडले. त्यांच्या बोलण्यात कसलीही खोच नव्हती. आजोबांची नात म्हणून मला राग यायला हवा होता, निदान क्षणभर तरी. मला मात्र बरे वाटले, आणि इतके बरे वाटले की पुढचा चढ मी एकदाही न थांबता चढून गेले. संध्याकाळपासून ते बरे वाटणेच मला टोचते आहे.

पोर्तुगालमधल्या कोइंब्रातला हा माझा पहिला हिवाळा. खोली गरम ठेवण्याची सोय नाही, खिडकीखालच्या भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके पसरत चालले आहेत आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलेली जीन्स फोंड्यातल्या आषाढासारखी दिवसेंदिवस दमटच राहते. वर्गातली मुले भली आहेत. काळे झगे खांद्यांवर टाकून घोळक्याने हिंडतात, मला पाहून हसतात, कशी आहेस म्हणून विचारतात आणि उत्तर पुरे होण्याआधी पुढे गेलेली असतात. इथल्या अठराव्या शतकातल्या जोआनिना ग्रंथालयात वटवाघळे राहतात, रात्री ती ग्रंथ पोखरणारे किडे खातात, आणि त्यांची घाण पडू नये म्हणून जुन्या मेजांवर रोज कातडी आच्छादने घातली जातात. म्हणजे वटवाघळांचीही या शहरात कुणाला तरी दखल घ्यावी लागते. अशा दिवसांत एखाद्या म्हाताऱ्या बाईने काउंटरपलीकडून ‘आमची’ म्हटले तर कुणाला बरे वाटणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घालते आहे.

पण हे कोणते शहर आहे, हेही मला विसरता येत नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार इथेच कायदा शिकला, इथेच त्याने अर्थशास्त्र शिकवले आणि १९२८ मध्ये अर्थमंत्री म्हणून तो लिस्बनला गेला. गोवा आमचाच, हे तो अखेरपर्यंत म्हणत राहिला, आणि तेवढ्यासाठी गोवा मुक्तिलढ्यातल्या मोहन रानड्यांसारख्या मराठीच्या शिक्षकाला भारतात नव्हे, तर लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगात जानेवारी १९६९ पर्यंत, म्हणजे गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यानंतरही, दिवस काढावे लागले. आजोबा आग्वादच्या तुरुंगातल्या दिवसांविषयी फारसे बोलत नाहीत. त्यांच्याशी ‘आमचे’ म्हणून जे वागले, त्याच शब्दावर मी खुलावे, हे मला पटत नाही. आणि तरीही मी खुलले.

बाईंनी पुढे सांगितले की त्यांच्या आईवडिलांचे घर वरच्या गावात होते, आणि विद्यापीठाच्या नव्या इमारतींसाठी सालाझारच्या राजवटीत ती वस्ती पाडली तेव्हा त्यांनाही बाहेर काढले गेले. मी रोज ज्या १२५ पायऱ्या धापा टाकत चढते, त्या त्याच बांधकामातल्या. त्यांचा थोरला भाऊ सैनिक म्हणून गोव्यात होता आणि १९६१ च्या डिसेंबरात पकडला जाऊन पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत भारताच्या कैदेत होता. कुठल्या छावणीत, हे मी विचारले नाही. फोंड्यातही छावणी होती. भाऊ परतल्यावर डासांच्या नावाने खडे फोडायचा आणि कुठल्याशा आंब्याचे गुणगान करायचा, असे म्हणून त्या हसल्या, आणि मग त्यांनी ती जुडी पिशवीत टाकली. तेव्हा ‘आमची’ म्हणजे नेमकी कुणाची, सालाझारची की त्या भावाची, हे ठरवत मी आता बसले आहे. १९६९ च्या एप्रिलमध्ये याच गावातल्या विद्यार्थ्यांनी राष्ट्राध्यक्षांसमोर बोलू द्या म्हणून मागणी केली, ती नाकारल्यावर वर्ग आणि परीक्षा यांवर बहिष्कार टाकला, हा इतिहास मला आधार म्हणून आठवतो खरा. पण दुकानात मला बरे वाटले तेव्हा यातले काहीच माझ्या डोक्यात नव्हते. मी केवळ कुणाची तरी झाले होते.

शिवाय त्या आमचेपणाला तसा फारसा अर्थही नाही. मामेभाऊ त्याच नात्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून कधीच इंग्लंडातल्या स्विंडनला जाऊन स्थायिक झाला. आजोबांनी ते कागद करू दिले नाहीत, म्हणून मी निळा भारतीय पासपोर्ट घेऊन इथे राहण्याच्या परवान्याच्या रांगेत उभी राहते, आणि खिडकीपलीकडचा माणूस मला आमची वगैरे काही म्हणत नाही. त्याने म्हटले असते तर मला खचितच राग आला असता. कदाचित रांग लवकर सरकली असती तर आलाही नसता.

कोथिंबीर मात्र उत्तम निघाली, देठांना माती लागलेली, चुरताच घरभर वास सुटणारी. तांदूळ मोंदेगो नदीच्या खालच्या अंगाला पिकतो तो, जाडसर, आमटीबरोबर चांगला लागणारा. उद्या फोनवर आजोबांना कोथिंबिरीचे सांगेन, ती कशामुळे मिळाली ते तूर्त राहू दे. ते तांदळाचा भाव विचारतील, मनातल्या मनात त्याचे रुपये करतील आणि पोर्तुगिजांना नव्याने चार शिव्या हासडतील.