लॅटिन जमलं, फी अडली

लॅटिन कसं शिकावं असं कुणी विचारलं, की मी आधी उलटा प्रश्न करते: फी कशी भरणार आहात? बडोद्यात बसून परदेशातल्या विद्यापीठाचं लॅटिन शिकायचं तर खरी कसोटी तिथे लागते. माझ्या प्राथमिक, मध्यम आणि प्रगत अशा तिन्ही पायऱ्या झाल्या, पण पहिल्या पायरीआधी बँकेत जे भोगलं त्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय. मागून येणाऱ्या कुणाचे तरी हेलपाटे वाचले तर बरं.

माझं शिक्षण वनस्पतिशास्त्राचं आणि काम वनस्पतींची ओळख पटवण्याचं. या कामात लॅटिनवाचून पदोपदी अडतं. १ जानेवारी १९३५ पासून ३१ डिसेंबर २०११ पर्यंत फुलझाडाची नवी जात जाहीर करायची तर तिचं वर्णन लॅटिनमध्ये देणं सक्तीचं होतं. २०१२ पासून इंग्रजीही चालतं. यात नवीन लिहिणारे सुटले, जुनं वाचणारे अडकलेलेच राहिले. झाडांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुळवणाऱ्या लिनेयसचा १७५३ चा मूळ ग्रंथ लॅटिनमध्ये, त्याच्या आधीचं तर बहुतेक सगळंच. त्यातही मला वाचायचा होता होर्तुस मलाबारिकुस. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे याने करवून घेतलेले हे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. मलबारच्या झाडाझुडपांची चित्रं आणि वर्णनं त्यात आहेत. पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्रही आहे. ती अक्षरं आपली आणि पुढची शेकडो पानं परकी, हे मला सहन होईना. इंग्रजी भाषांतरावर भागवता आलं असतं, पण ओळख पटवताना एका विशेषणावर सगळं अडतं, आणि ते विशेषण मूळात बघावंच लागतं.

ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाचा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम सापडला. प्रवेशाला काही अडचण आली नाही. पदवीची प्रत, इंग्रजीचा पुरावा, का शिकायचंय याचं पानभर पत्र, आणि ऑफर लेटर ई-मेलवर हजर.

आता फी. कार्डाने भरायची सोय होती, पण माझ्या कार्डाची परदेशी व्यवहारांची मर्यादा फीपेक्षा कमी, शिवाय वर मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचा जादा आकार. म्हणून जिथे आमचं वर्षानुवर्षं खातं आहे त्या शाखेत गेले. परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरला, एलआरएसचं (रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेचं) डिक्लरेशन भरलं, पॅन, पासपोर्ट, ऑफर लेटर, विद्यापीठाचं इन्व्हॉइस, सगळं क्रमाने लावून दिलं. काउंटरवरच्या भाईंनी कागद चाळले आणि म्हणाले, "विझा?"

मी म्हटलं, मी कुठे जात नाहीये, घरी बसून शिकणार आहे. ऑफर लेटरमध्ये 'डिस्टन्स लर्निंग' लिहिलेल्या ओळीखाली मी पेनाने रेघ मारून आणली होती, ती दाखवली. त्यांनी ती वाचली. मग म्हणाले, "बेन, विझा वगर नहि थाय."

मॅनेजरसाहेब मराठी निघाले, मला हायसं वाटलं. ते समजावून सांगू लागले, "ताई, सिस्टीममध्ये 'स्टडीज अब्रॉड' निवडलं की व्हिसाचा रकाना येतो. तो रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडतच नाही." मी विचारलं, मग ज्याला व्हिसा लागतच नाही त्याने काय करायचं? त्यावर उत्तर आलं, "तसं कुणी आजवर आलं नाही."

माझ्या अर्जावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवली गेली: 'व्हिसा बाकी'. पुढे कितीतरी दिवस ती चिठ्ठी तशीच होती. दर खेपेला मी नव्याने सगळं सांगायचे, समोरचा माणूस मान डोलवायचा, आणि फाइल उघडली की चिठ्ठीकडे बोट दाखवायचा. ज्या कागदावर मी प्रवास करत नाही असं छापलंय, त्याच कागदावर प्रवासाचा परवाना बाकी असल्याची चिठ्ठी! रागापेक्षा मला वाईट वाटायचं ते याचं, की नियम काय आहे हे उघडून बघायची तसदी त्या शाखेत कुणालाच घ्यावीशी वाटली नाही.

सल्ले मात्र मिळाले. एकाने सुचवलं, टूरिस्ट व्हिसा काढा, रकाना भरेल. दुसऱ्याने हळूच सांगितलं, 'गिफ्ट' म्हणून पाठवा, काही विचारत नाहीत. हे अजिबात करू नका. ए-टू फॉर्मवर पैसे कशासाठी चाललेत हे आपण सही करून सांगत असतो आणि ते विधान परकीय चलनाच्या फेमा कायद्याखाली असतं. पुढे चौकशी झाली तर सल्ला देणारा तुमच्या शेजारी उभा राहणार नाही. मी दोन्ही सल्ले नाकारले आणि आजही वाटतं, तेच बरोबर केलं.

शेवटी घरी बसून रिझर्व्ह बँकेची पर्पज कोडची यादीच काढली. परदेशी पैसे पाठवताना प्रत्येक कारणाला एक कोड असतो. शाखेत माझ्यासाठी लावत होते तो एस ०३०५: शिक्षणासाठी प्रवास, त्यात फी आणि हॉस्टेलचा खर्च. हा प्रवासाच्या गटातला कोड, म्हणून व्हिसा. त्याच यादीत खाली, अकराव्या गटात, एस ११०७ आहे: शिक्षण, आणि उदाहरण म्हणून परदेशी पत्रद्वारा अभ्यासक्रमांची फी दिलेली. अगदी माझंच प्रकरण! ते पान छापलं, त्या ओळीवर हायलायटर फिरवला आणि दुसऱ्या दिवशी शाखा उघडायच्या आधी दारात जाऊन उभी राहिले.

"आमच्या ड्रॉपडाउनमध्ये हा कोड येत नाही," मॅनेजर म्हणाले. "हेड ऑफिसला विचारावं लागेल."

हेड ऑफिसकडून उत्तर येईना. इकडे विद्यापीठाची फीची तारीख जवळ आली. त्यांना मी सगळा प्रकार कळवला. दोन ओळींचं उत्तर आलं: मुदत वाढवली आहे, पहिले धडे तुमच्यासाठी उघडून दिले आहेत, सुरुवात करा. अनोळखी विद्यार्थिनीवर सातासमुद्रापलीकडून एवढा विश्वास टाकला गेला, आणि जिथे वडिलांपासून खातं आहे तिथे मला रोज नव्याने स्वतःला सिद्ध करावं लागत होतं.

तर लॅटिनचं पहिलं डिक्लेन्शन, म्हणजे नामं चालवण्याचा पहिला गट, मी बँकेच्या बाकावर पाठ केलं. टोकन हातात, मांडीवर तक्ता. शाळेत संस्कृत घेतलेल्या कुणालाही सांगते, या पायरीला घाबरू नका. विभक्तीचं सहा खणांचं कोष्टक आपल्याला परकं नाही. नामांची पाच डिक्लेन्शनं, धातूंचे चार गण, द्विवचन नाही, लिहिताना संधी नाही. अ‍ॅब्लेटिव्ह ही एकच विभक्ती आपल्या तृतीया, पंचमी आणि सप्तमीचं काम बघते, एवढं आधी कळलं की अर्धा गोंधळ मिटतो. वर्गातल्या इंग्रजांना वाक्याच्या शेवटी येणारं क्रियापद आणि तीन लिंगं जड जात होती. मराठी माणूस दोन्ही गोष्टी जन्मापासून बोलतो.

बँकेचं पुढे काय झालं ते सांगते. तोंडी बोलणं बंद केलं आणि बँकेच्या नोडल (तक्रारी बघणाऱ्या) अधिकाऱ्याला लेखी तक्रार पाठवली. अर्जाची तारीख, पोच, दोन्ही कोड, यादीतलं ते पान, सगळं जोडलं. शेवटी एक ओळ घातली, की तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करेन. मग मात्र फोन आला. शहरातल्याच, परकीय चलनाचं काम रोज करणाऱ्या मोठ्या शाखेत बोलावलं. तिथे तिशीतली एक अधिकारी मुलगी होती. तिने माझं पान हातात घेतलं, स्क्रीनवर यादी उघडली, अकराव्या गटापर्यंत गेली आणि म्हणाली, "हो मॅडम, हाच कोड आहे. पिवळी चिठ्ठी कुणी लावली?" ती काढून तिने टोपलीत टाकली. त्याच दुपारी पैसे गेले. मला त्या मुलीचा हात हातात घ्यावासा वाटला, आणि मी घेतला.

म्हणून सांगते, जवळच्या शाखेत जाऊच नका. शहरात परकीय चलनाचं काम कुठल्या शाखेत चालतं ते विचारून थेट तिथे जा. कोड छापून न्या. आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची शिक्क्यासह पोच घ्या, माझ्या तक्रारीला वजन आलं ते त्या पोचेमुळे.

पैसे पाठवताना मधल्या बँकांचे चार्जेस कोण भरणार असा पर्याय असतो. 'सगळे पाठवणाऱ्याकडे' हाच निवडा, नाहीतर वाटेत रक्कम कापली जाते आणि विद्यापीठाच्या खात्यात फी काही पाउंडांनी कमी पडते. पैसे गेले की बँकेने पाठवलेल्या स्विफ्ट संदेशाची प्रत मागून घ्या (नोव्हेंबर २०२५ पर्यंत त्याला एमटी १०३ म्हणत). विद्यापीठाला पैसे सापडत नसले तर तो एकच कागद कामाला येतो. एलआरएसची मर्यादा आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, दूरशिक्षणाची फी तिच्या जवळपासही जात नाही. टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते त्या कराची, धास्तीही नको: १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही.

मध्यम पायरी मजेत गेली. तिथे सीझर आणि सिसेरो या रोमन लेखकांचं गद्य वाचतात. 'तो असं म्हणाला' छापाच्या वाक्यांत लॅटिनमध्ये 'की' येत नाही, कर्ता द्वितीयेत जातो आणि क्रियापद तुमन्तासारखं होतं. वर्गात यावर बरीच डोकेफोड चालायची. मी मराठी वर्तमानपत्र डोळ्यांपुढे आणलं: 'निधी देणार असल्याचे मंत्र्यांनी सांगितले.' तिथेही 'की' नाही, अख्खं वाक्य नामासारखं झालंय. अ‍ॅब्लेटिव्ह अ‍ॅब्सोल्यूट आला तेव्हा संस्कृतची सति सप्तमी ('अमुक झालं असता' छापाची रचना) आठवली आणि तो धडा एका बैठकीत संपला. नियमित क्रियापदांना मात्र सूट आहे असं समजू नका. प्रत्येकाची चार मूळ रूपं रोज म्हणावीच लागतात. आणि अनियमित तर विचारूच नका. फेरो, फेर्रे, तुली, लातुम: एकाच धातूची ही चार तोंडं एकमेकांना ओळखही देत नाहीत.

प्रगत पायरीला रोमन महाकवी व्हर्जिल आला आणि मला खरा आनंद झाला. त्याच्या हेक्सामीटर वृत्तात एका ओळीत सहा चरणक, म्हणजे गणांसारखे तुकडे, आणि हिशेब सगळा लघु-गुरूंचा. डॅक्टिल म्हणजे आपला भ गण, 'भास्कर'. स्पाँडी म्हणजे दोन गुरू. दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो हे आर्या वृत्त शिकलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. पाचवा चरणक बहुतेक वेळा भ गणच असतो, म्हणून ओळ मागून सोडवायला घ्यावी, पटकन सुटते. वर्गात मला मोठ्याने वाचायला सांगायचे, कारण दीर्घ स्वर दीर्घ उच्चारायची आपल्या जिभेला सवय असते. त्याचा मला अभिमान आहे.

अखेरच्या कामासाठी स्वतः निवडलेल्या उताऱ्याचं टिपांसह भाषांतर करायचं होतं. मी होर्तुसच्या पहिल्या खंडातला 'अरेयालु' घेतला, म्हणजे आपला पिंपळ. लिनेयसने पिंपळाच्या नोंदीत याच 'अरेयालु'चा हवाला दिलाय. त्याच्या वर्णनातलं 'फोलिईस कोर्दातीस' अ‍ॅब्लेटिव्हमध्ये आहे: हृदयाकार पानांनी युक्त. हे कोष्टक मी टोकन हातात धरून घोकलं होतं, ते इथे उपयोगी पडलं. होर्तुसचे खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. लुईस आणि शॉर्टचा १८७९ चा लॅटिन-इंग्रजी कोशही ऑनलाइन आहे. पण वनस्पतींच्या वर्णनासाठी केवळ त्यावर विसंबू नका. तो प्राचीन लेखकांचा कोश आहे, आणि अठराव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञांनी कितीतरी शब्दांना आपले काटेकोर अर्थ दिले. त्यासाठी वनस्पतिशास्त्रीय लॅटिनचा वेगळा कोश हाताशी ठेवा.

एक राहिलंच. ऑनलाइन वर्ग तिकडच्या संध्याकाळी सहाला असायचा, म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात, ते आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि दुसऱ्या वर्षाची फी पाठवताना पहिल्या वर्षीच्या ए-टू फॉर्मची प्रत सोबत न्या. कोड तिथे छापलेला असतो, मग कुणी व्हिसा मागत नाही.